भाचीच्या लग्नातला कॉफीवाला

नायगाव, ९ जानेवारी

अक्का,

फोन लावून लावून बोट झिजायची वेळ आली. आधी निदान वाजत तरी होता. आता ती बाई म्हणते, आपण संपर्क करत असलेली व्यक्ती व्यस्त आहे. दोन वर्षं माणूस व्यस्त असतो का? म्हणून पत्र लिहून राहिलो. दाजींनी आधी उघडलं तर उघडू दे, तुझ्या नवऱ्यापासून लपवण्यासारखं ह्यात काही न्हाई. खरं म्हणजे हाय, पण आता लिहायला बसलो तर बसलो.

परवा नरसिंगशेठचा फोन आला. तू त्याला ओळखायची न्हाईस. लातूरचा केटरर हाय, लग्नसराईत मला बरीच कामं देतो. म्हणला, वीस फेब्रुवारीला लातूरला लग्न हाय, संध्याकाळचा मुहूर्त, कॉफीचा काउंटर तुझा. मी हाव म्हणून टाकलं. थंडीतल्या संध्याकाळच्या लग्नात लोक जेवणाआधी कॉफीवर तुटून पडतात, असली सुपारी कोण सोडतो. मग सवयीनं विचारलं, पार्टी कोणती? तर म्हणला, कॉलेजातले सुदर्शन सर, त्यांच्या एकुलत्या एका पोरीचं हाय.

मी तसाच माझ्या कॉफीच्या टेम्पोगाड्याला टेकून उभा राहिलो. समोर गिऱ्हाईक कप धरून उभं, त्याच्या कपात मी साखर दोनदा टाकली.

तुझ्या पोरीचं, आपल्या सृष्टीचं लग्न ठरलं आणि ते तिच्या सख्ख्या मामाला केटररकडून कळतं, व्वा. जिला मी खांद्यावर बसवून नायगावच्या बाजारात फिरवायचो, जी माझ्या डोक्यावर जिलेबी खायची आणि पाक माझ्या कानात गळायचा, तिचं लग्न. मला राग आला न्हाई असं लिहिणार होतो, पण आला. लई आला.

दोन वर्षांमागच्या देगलूरच्या लग्नातलं तुझ्या मनातून गेलं न्हाई हे मला मालूम हाय. माझ्यातूनही गेलं न्हाई. मी कप भरून राहिलो होतो, दाजी त्यांच्या प्राचार्यांना घेऊन आले. मी हसलो. प्राचार्यांनी सहज विचारलं, हे कोण? आणि दाजी म्हणले, "कुणी न्हाई, कॉफीवाला हाय." मग मी चारचौघांत सांगितलं की मी ह्यांचा सख्खा मेव्हणा हाय, आणि ह्यांच्या सासऱ्याचं, शेषेरावाचं, रान आजपण मीच कसतो. ह्यात खोटं काय होतं? पण दाजींचं तोंड उतरलं आणि रात्री तू फोनवर म्हणलीस, माझ्या नवऱ्याची इज्जत काढलीस, माझ्या दारात येऊ नको. मी म्हणलो, न्हाई येत. तू पण शेषेरावाची लेक आणि मी पण शेषेरावाचाच लेक, मागं कोण सरणार?

मला एवढंच सांग. लग्न लागायच्या वक्ताला महाराज मामाला हाक मारतात. मामानं पोरीला खोलीतून आणायचं आणि तिच्या पाठीशी उभं राहायचं. तेव्हा मी कुठं उभा राहू? सृष्टीच्या मागं का मशीनच्या मागं? मशीनच्या मागं असेल तर तसं लिही, मी नरसिंगशेठला न्हाई म्हणून कळवतो. लग्नाला अजून दीड महिना हाय, त्याला दुसरा माणूस मिळेल. भाचीच्या लग्नात मी परक्यासारखा कप वाटणार न्हाई.

बालाजी


नांदेड, १९ जानेवारी

अक्का,

आज नांदेडात क्लासच्या पोरांच्या गल्लीत गाडा लावला हाय. दुपारी पोरं आत असतात, गिऱ्हाईक न्हाई, म्हणून काउंटरवरच लिहून राहिलो. कागदावर कॉफीचे डाग पडले तर समजून घे.

काल पत्रिका आली. माझ्या पत्राचं उत्तर न्हाई, पत्रिका आली. मायच्या नावानं. श्रीमती केवळाबाई शेषेराव आणि परिवार. परिवार म्हणजे मी असेन.

मायला वाचता येत न्हाई, तुला मालूम हाय. ती पत्रिका मांडीवर घेऊन गणपतीवरून बोट फिरवत बसली आणि मला म्हणली, वाच. मी वाचत गेलो. पोरगा चाकूरकडचा हाय, बँकेत हाय, बेस वाटलं. पुढं वाचत वाचत मामाच्या जागेवर आलो. तिथं आपल्या दयानंदचं नाव. चुलत्याचा दयानंद! सृष्टी काय शिकली हे त्याला विचार, सांगता आलं तर माझं नाव बदल. तो मामा झाला.

मी थांबलो. माय म्हणली, "मामा म्हणून कुणाचं नाव टाकलंय रं?"

मी म्हणलो, "माझं."

अक्का, तोंडातून निघून गेलं. ती सत्तरीची बाई माझ्या तोंडाकडं बघत होती, मी काय म्हणायला पाहिजे होतं? दयानंद म्हणलो असतो तर ती तिथंच बसल्या जागी लहान झाली असती. मी विचार केला, नंतर हळूच सांगू. पण नंतर कुठलं? मी गाडा धुवून येईपर्यंत तिनं शेजारच्या पारूबाईपासून मारुतीच्या देवळापर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं की पत्रिकेत माझ्या बालाजीचं नाव छापलंय.

आणि आता पिवळ्या साडीचं काढलंय. मामाची पिवळी साडी नेसूनच पोरगी मांडवात येते, आपल्यात हे कधी चुकलं न्हाई. मी म्हणलो, माय, आजकाल पोरी स्वतःच्या पसंतीचं घेतात. तर म्हणली, मपली नात हाय, मला शिकवू नको. आज मनिषाला घेऊन ती माझ्याच गाड्यावर बसून नांदेडला आली, आता दोघी कापडाच्या दुकानात हायत. मनिषाला खरं मालूम हाय. ती काही बोलत न्हाई, नुसती माझ्याकडं बघते. बायको बोलली तर माणूस दोन शब्द उलटे बोलून मोकळा होतो, ही बघते.

आता सांग मी काय करू. सुपारी मोडली तर मायला काय सांगू की मी लग्नाला कामून येत न्हाई? न्हाई मोडली तर मांडवात तिला दिसणारच की मामा दयानंद हाय आणि तिचा लेक कोपऱ्यात ॲप्रन लावून उभा हाय. दोन्हीकडून मीच खोटा. जेवण जाईना झालंय.

बालाजी


नायगाव, २८ जानेवारी

अक्का,

उत्तर न्हाई. ठीक हाय. मी एक तोड काढली हाय, तिला तुझी साथ लागते. म्हणून हे पत्र जरा ध्यान देऊन वाच, बाकीची न्हाई वाचलीस तरी चालेल.

काल माय म्हणली, तू पोरीच्या पाठीशी उभा राहिलास तर तुझ्या त्या मशीनकडं कोण बघेल? तिनं फिकिरीनं विचारलं, आणि मला वाटच सापडली. ऐन वक्ताला मशीन सोडता आलं न्हाई म्हणून दयानंदला उभं केलं, असं मायला सांगायचं. तिला पटेल. पण ती तुलाही खोदून विचारणार, तिचा स्वभाव तुला मालूम हाय. आपलं दोघांचं एकच निघालं पाहिजे. म्हणून तुला मशीनचं सांगतो.

आत पाण्याची टाकी हाय, खाली गॅसचा जाळ. पाण्याची वाफ होते, ती नळीतून दुधाच्या स्टीलच्या जगमध्ये सोडली की फेस येतो, तो फुसफुस आवाज तू लग्नांत ऐकलाच असशील. टाकीच्या तोंडावर घड्याळासारखी तबकडी हाय, तिच्यात काटा. काटा लाल रेघेच्या अलीकडं राहिला पाहिजे. रेघेकडं सरकायला लागला की उजव्या हाताची पितळी चकती अर्धा फेर फिरवायची, जादा वाफ बाहेर जाते, काटा उतरतो. अर्धाच फेर. पूर्ण फिरवली तर सगळी वाफ जाते आणि बसा बोंबलत. चकती तापलेली असते, फडकं धरूनच फिरवायची, न्हाईतर मनगटावर वाफ येते. बाजूला काचेची नळी हाय, तिच्यात पाणी दिसतं. ते तळापासून दोन बोटं तरी पाहिजे. त्याच्या खाली गेलं तर गॅस बंद, दुसरं काही डोकं चालवायचं न्हाई.

आपोआप वाफ सोडणारी शिट्टी पण हाय, औंदा नवी बसवली. पण आपल्याकडचं पाणी खारट, शिट्टीत क्षार धरतो, तिचा भरवसा मी करत न्हाई. किनवटकडं एका लग्नात एक मशीनवाला जाळ चालू ठेवून पंगतीला जाऊन बसला होता. त्याच्या टाकीचं झाकण मांडवाचं कापड फाडून गेलं. कुणाला लागलं न्हाई, देवाची कृपा. ते झाकण मी हातात घेऊन बघितलं हाय. तेव्हापासून जाळ चालू असला की मी मशीनपासून हलत न्हाई. मनिषा मदतीला येते पण कप धुण्यापुरती, शिट्टी वाजली की ती पार गेटपाशी असते.

माय म्हणेल, गॅस बंद करून यायचा होता. तर सांग की एकदा वाफ उतरली की चढायला पाऊण तास जातो, आणि अक्षता पडल्या की मंडळी तडक कॉफीकडं येतात. वरपक्षाची माणसं रिकाम्या काउंटरपुढं उभी राहिली तर रुसवा दाजींच्या बोकांडी बसेल.

एवढं ध्यानात ठेव. तू नुसतं "काटा चढला होता" म्हणलीस तरी माय गप बसेल.

खोटं कसं बोलायचं हे बहिणीला शिकवून राहिलो, चांगले दिवस आले.

बालाजी


लातूर, ७ फेब्रुवारी

अक्का,

आज नरसिंगशेठनं हॉल बघायला बोलावलं होतं. काउंटर मांडवाच्या डाव्या कोपऱ्यात हाय, बोहल्याच्या अगदी समोर. मी म्हणलो, मागं द्या जागा, गेटपाशी. तर म्हणला, पार्टीनंच ही जागा सांगितली. मग दुसरं सांगितलं. म्हणला, माझ्याकडं लातूरचेच दोन कॉफीवाले हायत, पण पार्टीकडून नाव आलं की नायगावच्या बालाजीचीच कॉफी पाहिजे.

तेव्हापासून माझं डोकं गरगरून राहिलं. नाव घेऊन मला बोलावलं आणि पत्रिकेत दयानंदला मामा केलं, ह्याचा अर्थ काय लावायचा? मला तर एकच दिसतो. देगलूरला मी दाजींना चारचौघांत बोललो, आता त्यांना मला चारचौघांत दाखवायचं हाय. बघा, हा कॉफीवालाच हाय, मी खोटं बोललो नव्हतो. बोहल्याच्या समोर उभा करून दाखवायचं. असं असेल तर माणसानं किती मनात धरावं?

तू ह्यात असशील असं मला वाटत न्हाई. पण तुझ्या घरात चाललेलं तुला मालूम नसेल असंही वाटत न्हाई. बघ, माझी काय दशा झाली हाय.

येताना तुझ्या गल्लीतून आलो. मुद्दाम न्हाई, वाटेतच हाय. बरं, मुद्दामच आलो. तू गच्चीवर सांडगे वाळत घालून राहिली होतीस. केस पांढरे दिसले, रंगवायचं सोडलंस का? मी गाडा थांबवला. तुझं तोंड इकडं वळायच्या आत पुढं काढला. एवढा मोठा बाप्या, पण चौकात गाडा लावून पाणी प्यावं लागलं.

हे पत्र इथल्याच पेटीत टाकतो. उद्याच मिळेल तुला. दाजींना विचारून एक ओळ लिही, मला कामून बोलावलंय तेवढं सांग.

बालाजी


नायगाव, १५ फेब्रुवारी

अक्का,

सुपारी मोडायला काल नरसिंगशेठला फोन लावला होता. तो हॅलो म्हणला आणि मी त्याला दूध कुणाकडचं घेणार ते विचारलं.

येतो हाय. मनिषा आणि माय पण येतात. पिवळी साडी मायनं उशाशी ठेवली हाय, रोज काढून बघते. मी पांढरा सदरा इस्त्री करून घेतला हाय, ॲप्रनच्या आत घालीन. कामून घेतला ते मला विचारू नको.

मायनं विचारलं तर काटा चढला होता, एवढंच. आता उत्तर लिहू नको, पोचायचं न्हाई.

बालाजी


नायगाव, २३ फेब्रुवारी

अक्का,

तू तिथंच होतीस तरी लिहून राहिलो. कारण तू बघितलं न्हाईस. पोरीच्या आईनं मंगलाष्टकं बघायची न्हाईत, ही रीत कुणी काढली देव जाणे. जन्म दिला तिनं, वाढवलं तिनं, आणि लग्न लागताना तिनंच पाठ करून तुळशीला पाणी घालत बसायचं. म्हणून तुझ्या वाटचं मी बघून ठेवलं, ते सांगतो. पण आधी माझं सांगतो, त्याशिवाय मला पुढं लिहिता येणार न्हाई.

माय आल्या आल्या साडीची पिशवी घेऊन नवरीच्या खोलीत गेली ती बराच वेळ बाहेरच आली न्हाई. मी मागच्या बाजूनं मशीन उतरवलं. दाजी समोरून दोनदा गेले. एकदा थांबल्यासारखे झाले, मग लायटिंगवाल्यावर ओरडले. मी खाली मान घालून जाळ पेटवला. काटा हळूहळू चढत होता.

मुहूर्त जवळ आला. माय पुढच्या खुर्चीवर येऊन बसली आणि सारखी वळून माझ्याकडं बघायला लागली, अजून ॲप्रन काढला न्हाईस का, अशी. मी दुधाचा जग पुसत राहिलो. पुसलेलाच जग परत पुसला. तेवढ्यात महाराजांनी माइकवर हाक दिली की मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. दयानंद उठला, फेटा नीट केला. माय उभी राहिली आणि तिनं सगळ्यांदेखत माझ्याकडं हात केला. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. काट्याकडं बघत राहिलो. काटा कुठंही चढला नव्हता.

आणि तू आलीस. जांभळा शालू, हातात अजून तो तुळशीला पाणी घालायचा तांब्या. तू मागच्या दारानं खोलीत जाऊन बसणार असं मला वाटत होतं, तर तू सरळ काउंटरच्या आत शिरलीस, तांब्या कपांच्या शेजारी ठेवलास आणि माझ्या खांद्यावरचं फडकं ओढून घेतलंस.

"जा," म्हणलीस, "पोरगी दारात खोळंबली हाय. मी बगते."

मी म्हणलो, "अक्का, तुला ह्यातलं..."

तू माझ्याकडं बघितलं पण न्हाईस. तबकडीकडं बघत म्हणलीस, "लाल रेघेच्या अलीकडं. उजवी चकती, अर्धा फेर. पाणी दोन बोटं. मला मालूम हाय, तू जा."

ॲप्रन कसा काढला मला आठवत न्हाई. मनिषा म्हणते, मी तो तिच्या तोंडावरच फेकला.

सृष्टी दारात उभी होती. पिवळ्या साडीत. अक्का, ती इतकी तुझ्यासारखी दिसत होती की मला तुझं लग्न आठवलं, मी पाठीमागं रडत होतो आणि आपल्या बापानं कान धरून बाहेर नेलं होतं. मला बघून म्हणली, "मामा, किती वाट बघायची?" मी हात पुढं केला. तिचा हात गार पडला होता. मी तो दोन्ही हातांत धरला. दयानंद बाजूला सरला, त्यानं स्वतःचा फेटा काढून माझ्या डोक्यावर ठेवला. त्याला मी आधीच्या पत्रात जे जे बोललो ते मागं घेतो. भला माणूस हाय.

बोहल्यापाशी नवऱ्याच्या वडलांनी दाजींना विचारलं, हे कोण? मी ऐकून राहिलो होतो. कान टवकारलेच होते म्हण. दाजींनी घसा साफ केला. मग म्हणले, "हे सृष्टीचे मामा. सख्खे." माझ्याकडं न बघता म्हणले, पण म्हणले.

आता तुझ्या वाटचं. अंतरपाट धरला. पलीकडं नवऱ्याचे नुसते बूट दिसत होते, सृष्टी त्या बुटांकडं बघत होती. पहिलं मंगलाष्टक झालं, अक्षता पडल्या, एक दाणा तिच्या पापणीला चिकटला, तो मी बोटानं काढला. मग तिनं मान न वळवता मला हळूच विचारलं, "आई कुठं हाय?" मी म्हणलो, मशीनवर. तिला पटलं न्हाई. दुसरं मंगलाष्टक चालू होतं, आणि ऐन सावधानच्या आधी कोपऱ्यातून वाफ सुटली, फुस्स करून, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी. अर्ध्या मांडवानं दचकून मागं बघितलं. मी बघितलं न्हाई. मला आवाजावरून कळालं, अर्धाच फेर होता. सृष्टी अंतरपाटाच्या आड हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. पुढं दर मंगलाष्टकाला ती कान देऊन उभी होती. शेवटच्याला परत वाफ सुटली तेव्हा तिनं डोळे मिटले आणि नमस्कार केल्यासारखी मान हलवली. मग अंतरपाट दूर झाला, तिनं हार घातला, नीट घातला, पहिल्या झटक्यात. नवरा चांगला हाय, तिच्या डोळ्यांत पाणी बघून त्यानं आधी खिशातला रुमाल काढला, हार नंतर. एवढं बघितलं. सगळं सांगितलं, काही राहिलं न्हाई.

मी धावत काउंटरवर आलो तोवर तू गेली होतीस. काटा रेघेच्या अलीकडं होता, पाणी दोन बोटांच्या वर, तांब्या कपांच्या शेजारी. वरपक्षाची मंडळी रांगेत आली आणि मी डोळे पुसायला पण वेळ नसताना कप भरत राहिलो. दाजी सगळ्यात शेवटी आले. म्हणले, साखर कमी. मी म्हणलो, मालूम हाय दाजी. एवढंच बोललो आम्ही, पण कप त्यांनी तिथंच उभं राहून संपवला.

सामान भरताना नरसिंगशेठला विचारलं, पार्टीकडून माझं नाव कुणी सांगितलं होतं? म्हणला, मुलीच्या आईनं. सर तिथंच बसले होते, ते काही बोलले न्हाईत, आणि बाईंनी जागा पण तीच मागितली, जिथून बोहलं दिसतं आणि बोहल्यावरून कॉफी दिसते. तर ही तुझी चाल होती आणि मी लातूरच्या चौकात दाजींना शिव्या देत पाणी पिऊन राहिलो होतो. ती पत्रं जाळून टाक.

येताना गाड्यावर मायला म्हणलो, चूक झाली, पत्रिकेत माझं नाव नव्हतं. तर म्हणली, ते पारूबाईनं मला त्याच दिवशी वाचून दाखवलं. मग साडी कामून घेतलीस, विचारलं. म्हणली, छापणाऱ्यांनी चूक केली म्हणून मी पण करू का? आणि झोपली. मी अहमदपूरपर्यंत एकटाच हसत आलो, मनिषाला वाटलं डोक्यावर परिणाम झाला.

एक राहिलं. पाठवणीच्या वेळी तू सृष्टीच्या गळ्यात हात टाकलास तेव्हा बांगड्या मागं सरकल्या आणि तुझं उजवं मनगट दिसलं. लाल झालं होतं, पार फोड आल्यासारखं. मला बघून तू पदर ओढलास. मी तेव्हापासून विचार करून राहिलो की एवढं सगळं तुझ्या ध्यानात राहिलं, काटा, चकती, दोन बोटं, मग फडकं धरायचं तेवढं कसं विसरलीस? मी ते साफ लिहिलं होतं. फडकं तर तू माझ्या खांद्यावरून ओढून घेतलं होतंस.

आज सकाळी मनिषानं सांगितलं. ती भिऊन गेटपाशी उभी होती, तिथून तिला तू दिसत होतीस. म्हणली, अक्कांनी पहिल्या मंगलाष्टकापासून शेवटच्यापर्यंत ते फडकं डोळ्यांना लावलं होतं. चकती त्या उघड्याच हातानं फिरवत होत्या.

कोरफड लाव त्याला. तांब्या माझ्याकडंच हाय, घेऊन येतो.

तुझा बालाजी